दुखणे सोसू नका, नोंदवा : माजी सैनिकांची मान, मणके आणि क्लेम



आरोग्याच्या पानावर सरकारी क्लेमचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण पलटणीशी आपल्या समाजाची ओळख जुनी आहे. मुंबईच्या पलटणींत आपल्या पूर्वजांनी जमादार, सुभेदार म्हणून चाकरी केली आणि पुढे पेन्शनवर घर चालवले. अमेरिकेत आलेल्या आपल्या कुटुंबांतूनही काहींनी इथला गणवेश घातला. १९७३ पर्यंत इथे सक्तीची भरती होती आणि ती ग्रीन कार्डवर आलेल्या तरुणांनाही लागू होती. आज आपली नातवंडे स्वखुशीने भरती होतात.

लष्कराच्या नोकरीत ज्यांची मान किंवा कंबर दुखावली, त्यांना व्हेटरन्स अफेअर्स म्हणजे व्ही. ए. खात्याकडून दरमहा भरपाई मिळू शकते. तिच्यावर आयकर नाही. नोकरी सुटून पन्नास वर्षे झाली असली तरी अर्ज करता येतो. तरीही आपली वडीलधारी मंडळी म्हणतात, "वयामुळे दुखते, चालायचेच." म्हणून आज हा विषय घेतला.

मानेला होते काय?

आपल्या मानेत ७ मणके, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते, तिला डिस्क म्हणतात. गादी झिजली किंवा सरकली की शेजारची नस दाबली जाते. मानेतली नस दबली तर कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. कमरेतली दबली तर कळ मांडीतून थेट पायात जाते.

सैनिकाच्या मानेवर जड हेल्मेट, पाठीवर ओझे, ट्रकचे आणि हेलिकॉप्टरचे हादरे, कोणाला पॅराशूटच्या उड्या. तरुणपणी शरीर सोसते. हिशेब पुढे चाळिशी-पन्नाशीत निघतो.

तिवईचे तीन पाय

क्लेम तिवईसारखा असतो. एक पाय नसला तर उभा राहत नाही.

पहिला पाय म्हणजे आजचे निदान. "मान दुखते" एवढे पुरत नाही. मणक्यांचा संधिवात, सरकलेली गादी, दबलेली नस असे डॉक्टरांनी नाव घालून लिहिलेले हवे.

दुसरा पाय म्हणजे नोकरीत काय घडले. पडणे, अपघात, उडी, किंवा वर्षानुवर्षांचे ओझे. नोकरीतले दवाखान्याचे कागद आणि सुटकेचा डीडी २१४ हा फॉर्म इथे कामी येतो.

तिसरा पाय म्हणजे या दोहोंना जोडणारे डॉक्टरांचे मत. बहुतेक क्लेम इथेच अडखळतात. डॉक्टरांनी "शंभर टक्के खात्री आहे" असे लिहिण्याची गरज नाही. दुखणे नोकरीमुळे झाले असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे, असे त्यांनी कारणांसह लिहिले तर चालते. पुरावा दोन्ही बाजूंनी समसमान असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असा कायदाच आहे.

टक्के अंशांवर ठरतात

भरपाई १० ते १०० टक्क्यांत ठरते. मान आणि कंबर किती वाकते, ते गोनिओमीटर नावाच्या कोनमापकाने मोजतात. निरोगी मान पुढे ४५ अंश वाकते. ती ३० च्या वर पण ४० पर्यंतच वाकली तर १० टक्के, १५ च्या वर पण ३० पर्यंत वाकली तर २० टक्के, १५ किंवा त्याहून कमी वाकली तर ३० टक्के. निरोगी कंबर ९० अंश वाकते. ती ६० च्या वर पण ८५ पर्यंत वाकली तर १०, ३० च्या वर पण ६० पर्यंत वाकली तर २०, आणि ३० किंवा कमी वाकली तर ४० टक्के. हे मुख्य माप झाले. याशिवाय इतर बाजूंना मान किती वळते आणि स्नायू किती आखडतात, तेही पाहतात. नस दबून हातापायांत त्रास होत असेल तर त्याचे टक्के वेगळे मिळतात, म्हणून तो सांगायला विसरू नका.

टक्के सरळ बेरजेने वाढत नाहीत. मानेचे ३० आणि हाताचे २० असतील तर ५० होत नाहीत. १०० मधून ३० गेले, उरले ७०. त्या ७० चे २० टक्के म्हणजे १४. ३० आणि १४ मिळून ४४, आणि जवळचा दहाचा आकडा म्हणून ४० धरतात. पत्र आले की फसवणूक झाली असे वाटून घेऊ नका. हिशेबच तसा आहे.

तपासणीच्या दिवशी

माझ्या चुलतबहिणीचे यजमान, अठ्ठ्याहत्तरीचे, अशा तपासणीला गेले. "कसे आहात?" या प्रश्नाला त्यांनी सवयीने उत्तर दिले, "ठीक आहे, थँक यू." मान वाकवायला सांगितली तेव्हा दात आवळून जमेल तेवढी वाकवली. तोंडातून हूं की चूं नाही. घरी येऊन दोन दिवस पडून होते, पण कागदावर फक्त अंश गेले. मिळाले १० टक्के.

आम्हा नर्सेसना शिकवले जायचे की जे लिहिले नाही ते झालेच नाही असे धरतात. इथेही तोच नियम. माझी बहीण वही ठेवू लागली. कोणत्या दिवशी मान आखडली, किती वेळ राहिली, त्या दिवशी आंघोळ, दाढी, गाडी चालवणे यांपैकी काय जमले नाही. सहा महिन्यांची वही आणि डॉक्टरांचे पत्र जोडून त्यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी तपासणीत भावजींनी जिथे कळ आली तिथे "इथून दुखते" असे स्पष्ट सांगितले. टक्के ३० झाले.

दुखण्यामुळे आणि वाईट दिवसांत हालचाल किती कमी होते, हे तपासणाऱ्याने विचारात घेतलेच पाहिजे, असे १९९५ पासून न्यायालयाने ठरवलेले आहे. पण तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला ते कळणार कसे? वाढवून मुळीच सांगू नका, खोटे पकडले जाते आणि ते पापही आहे. कमी करूनही सांगू नका. जे आहे ते सांगा.

तपासणीची तारीख शब्बाथला किंवा सणाला आली तर गैरहजर राहू नका. आधी फोन करून दिवस बदलून घ्या. न कळवता चुकलेल्या तपासणीमुळे क्लेम नाकारला जाऊ शकतो.

कागद आणि मदत

अर्जाची तयारी व्हायला वेळ लागणार असेल तर "अर्ज करण्याचा इरादा" आधी कळवून ठेवा. १-८००-८२७-१००० या व्ही. ए.च्या फोनवरही तो नोंदवतात. मग पूर्ण अर्ज भरायला एक वर्ष मिळते, आणि क्लेम मंजूर झाल्यास पैसे सहसा त्या पहिल्या तारखेपासून धरतात.

जुने कागद सापडत नसतील तर धीर सोडू नका. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या केंद्रात मोठी आग लागली आणि १९६० पूर्वी आर्मीतून सुटलेल्यांची सुमारे ८० टक्के दप्तरे जळाली. अशा वेळी जुनी पत्रे, फोटो, सोबत्यांची आणि पत्नीची निवेदने चालतात. पत्नीने डोळ्यांनी पाहिले ते लिहावे. मराठीत लिहिले असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे.

पहिला अर्ज भरून देण्याचे पैसे कोणी मागितले तर दार लावून घ्या. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन अशा मान्यताप्राप्त संघटना हे काम फुकट करतात. १८९६ साली स्थापन झालेली ज्यूइश वॉर व्हेटरन्स ही आपल्या यहुदी बांधवांची संघटनाही आहे. नकार आला तर एका वर्षाच्या आत फेरविचार मागता येतो, म्हणून नकाराचे पत्र फाडू नका.

बहिणींनो, क्लेम चालू असताना यजमान वारले तर एका वर्षाच्या आत अर्ज करून तो क्लेम तुम्हाला पुढे चालवता येतो. मृत्यू नोकरीतल्या दुखण्यामुळे झाला असेल तर पत्नीसाठी वेगळी मदतही आहे.

हे दिसले तर आधी इस्पितळ

शर्टाचे बटण लावता येईना, कप हातातून निसटू लागला, चालताना तोल जाऊ लागला, तर मानेतली मज्जारज्जू दबत असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पायांतले बळ अचानक गेले तर ९११ ला फोन करा. कागदपत्रे नंतर.

या आठवड्यात एवढेच करा. घरात माजी सैनिक असेल तर एक वही आणा, पहिल्या पानावर आजची तारीख घाला आणि आज मान कशी आहे ते त्यांना विचारून लिहा. "ठीक आहे" म्हणाले तर पुन्हा विचारा.