पाण्याचे सोवळे

गळ्यातली माळ ही शुचितेची खूण. पण एकदा मनाला विचारू या, आपल्या घरच्या रांजणात जो हात बुडतो, तो शुद्ध असतो का?

पूर्वी आषाढी म्हटली की पटकीची धास्ती असे. धडधाकट निघालेला वारकरी वाटेत आजारी पडे, रोग घेऊन गावी परते आणि गावची विहीर बाधत असे. लोक म्हणत, मरीआईचा कोप झाला. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांना कलकत्त्याकडच्या एका तळ्यात पटकीचे जंतू सापडले. त्याच तळ्यात लोक अंघोळ करीत, रोग्याची वस्त्रे धूत आणि तेच पाणी पीत. कोप कसला? एकाचा मळ दुसऱ्याच्या मुखात गेला, एवढंच!

आता आपली चंद्रभागा पाहा. आषाढ म्हणजे पावसाळा. वरच्या गावांची घाण वाहून नदीत येते, त्यात लाखो माणसं स्नान करतात. स्नान भक्तीने करावे, तीर्थ मस्तकी लावावे. पिण्यासाठी मात्र शुद्ध केलेले किंवा उकळलेले पाणी घ्यावे. त्याने भाव काही उणा होत नाही.

घरचेही तसेच. सोलापूर शहरात उजनीचे पाणी नळाने येते, पण कित्येक वर्षे लोकांनी तीन-चार दिवसांआड नळाची वाट पाहिली. म्हणून घरोघर पिंपे भरलेली. नळ बंद असताना फुटक्या नळीतून गटाराचे पाणी आत शिरते. यासाठी नळ आल्यावर पहिले पाणी पिण्यास धरू नये. उघड्या पिंपात आठ-दहा दिवसांत डास होतात, त्यांच्यापासून डेंग्यूचा ताप येतो. पिंपावर झाकण ठेवावे आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे करावे.

एकादशीचा नेम पाळतो, तसे हेही नेम पाळावेत. रांजणात हात किंवा पेला बुडवू नये; लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवावेत. तान्ह्या लेकराची घाणही संडासातच टाकावी. ती निरुपद्रवी नसते. विहिरीत हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाकावी आणि तासभर पाणी उपसू नये. कुणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे, आणि वेळ न दवडता दवाखाना गाठावा. चमचा चहाचा घ्यावा.

पंढरीत चोखामेळा धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा आधी खराटा हाती घेत, मग कीर्तनाला उभे राहत. १९५६ साली ते गेले. खराटा आपल्या हाती राहिला. जातीचे सोवळे संतांनी मानले नाही. हाताचे आणि घागरीचे सोवळे मात्र आपण पाळलेच पाहिजे. माळेचा दोरा एका ठिकाणी तुटला तरी सारे मणी ओघळतात. गावाचेही तसेच आहे. एका घराची घाण साऱ्या गावाला भोवते. यंदा वारीला निघताना पडशीत टाळांबरोबर साबणाची वडी असू द्या, आणि वाटेत शौचालय असता उघड्यावर बसू नका. मागून येणारी दिंडी त्याच वाटेने चालायची आहे.