निर्वाण, विमुत्ति आणि विझलेला दिवा

‘निर्वाण’ हा शब्द वारकऱ्याला परका नाही. गीतेच्या दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या अध्यायांत तो आहे, आणि बहुतेक ठिकाणी ‘ब्रह्म’ शब्दाचा हात धरून आहे. बौद्धांकडे तो एकटाच येतो. म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे कीर्तनात सांगत आलो की, बौद्धांचे निर्वाण म्हणजे दिवा विझला, संपले सारे. एकदा कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध बौद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, “बुवा, दिवा विझला म्हणालात, पण तेल कसलं होतं ते सांगायचं राहिलंच की!” आम्ही निरुत्तर झालो. घरी येऊन ग्रंथ काढले.

आधी व्याकरण पाहू. ‘वा’ म्हणजे वाहणे. त्याला ‘निर्’ लागला. या एका रूपासाठी पाणिनीने आठव्या अध्यायात स्वतंत्र सूत्र केले आहे. वारा पडला तर ‘निर्वात’, दुसरे काही शांत झाले तर ‘निर्वाण’. काशिकेत उदाहरणे आहेत ती अग्नी, दिवा आणि, गंमत पाहा, भिक्षू! पालीत रेफ गेला, ‘व्व’चा ‘ब्ब’ झाला; आणि रेफच नाही म्हटल्यावर ‘न’चा ‘ण’ व्हायला कारण उरले नाही. म्हणून ‘निब्बान’.

मग विझते काय? राग, दोस आणि मोह हे तीन अग्नी. इथे दोस म्हणजे आपला द्वेष. मज्झिमनिकायात वच्छगोत्त परिव्राजक विचारतो, मुक्त झालेला मरणानंतर कुठे जन्मतो? बुद्ध उलट विचारतात, विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला? प्रश्नच लागू पडत नाही! ‘उरला’ म्हणता येत नाही, तसे ‘नाश पावला’ही म्हणता येत नाही. आणि आम्ही तर नेमके तेच सांगत होतो.

दुसरा शब्द ‘विमुत्ति’, म्हणजे सुटका. राग गेल्याने चेतोविमुत्ति, अविद्या गेल्याने पञ्ञाविमुत्ति. ‘विमोक्ख’ हा आपल्या मोक्षाचा सख्खा भाऊ दिसतो खरा, पण आठ विमोक्ख म्हणतात त्या ध्यानाच्या पायऱ्या आहेत.

देह असतानाचे निब्बान ‘सउपादिसेस’, देह पडल्यावरचे ‘अनुपादिसेस’. आपल्याला जीवन्मुक्ती नि विदेहमुक्ती आठवेल. पण त्यांना आत्मा मान्य नाही, तेव्हा दोन्ही एकच म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातला दिवा वारा नसलेल्या जागी न हलता तेवतो. त्यांचा तेल सरून शांत होतो.

त्या गृहस्थांची पुन्हा गाठ पडली नाही. हल्ली हा दृष्टांत घेतला की आम्ही आधी तेलाचे सांगतो, मग दिव्याचे.