मोहोळचा पिनकोड मूळ संख्या आहे का?

प्रश्न : आमच्या मोहोळचा पिनकोड 413213. त्याला 2, 3, 5, 7, 11 यांपैकी कशानेच भाग जात नाही. मग ही मूळ संख्या समजायची का? नसेल, तर तिच्यात काही विशेष आहे का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : मूळ संख्या नाही, पण शंका रास्त आहे. भागाकार कुठवर करत बसायचे हे आधी ठरवा. 643 चा वर्ग 413449, म्हणजे पिनकोडहून मोठा. तेव्हा 641 पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या 116 आहेत. तुम्ही 11 वर थांबलात; तसेच पुढे 13, 17, 19 करत गेलात, तर चव्वेचाळिसाव्या खेपेला 193 ने नि:शेष भाग जातो : 193 × 2141 = 413213. हे दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे आणखी फोड होत नाही.

15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला, तो टपालाच्या वाटणीसाठी. गणिती गुण त्यात कोणी मुद्दाम घातलेले नाहीत. तरी ते सापडतात, आणि शोधायची एक सुंदर रीत देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिली. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. येईल ती नवी संख्या, आणि पहिली तिची जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू. कापरेकरांनी अशा संख्यांना आपल्या गावाचे नाव दिले : देवळाली संख्या. 20, 31, 42 या तशा आहेत.

अंकांच्या बेरजेवर उभे असलेले गुण दशमान लेखनापुरतेच असतात. अवयव मात्र संख्या कशीही लिहिली तरी तेच राहतात. म्हणून अशा कामाला दुय्यम मानणारेही आहेत. मला ते पटत नाही. जिथे सातवीतला मुलगा कागद-पेन्सिल घेऊन पक्की सिद्धता देऊ शकतो, ते गणित अस्सलच.

तुमचा पिनकोड घेऊ. सहा अंकांची बेरीज 54 च्या वर जात नाही, म्हणून जनक असलाच तर मागच्या 54 संख्यांतच असणार. तिथे 413188 सापडते : अंकांची बेरीज 25, मिळवा, 413213 आले. दुसरा जनक नाही. 413188 चा जनक 413171, त्याचा 413149, त्याचा 413129. इथे वाट संपते. 413129 ला 9 ने भागल्यास बाकी 2 उरते, त्यामुळे जनकाच्या अंकांची बेरीज 1, 10, 19, 28, 37 किंवा 46 यांपैकीच असायला हवी. या सहाही संख्या वजा करून पाहा, एकही जुळत नाही. म्हणजे मोहोळच्या पिनकोडचा मूळपुरुष 413129 ही एक देवळाली संख्या आहे.