मुलांमधील हृदयस्नायूदाह : निदानाची वाट

मुलाला चार दिवस सर्दी-ताप येतो, उतरतो. तरीही मूल खेळावयास उठत नाही, जिना चढताना धापा टाकते, तान्हे असल्यास दूध ओढता ओढता घामाघूम होते. तापानंतरची अशक्तता म्हणून आपण ते सोडून देतो. बहुतेक वेळा ती तशी असतेही. परंतु क्वचित या लक्षणांआड हृदयाच्या स्नायूचा दाह लपलेला असतो.

हा दाह बहुधा विषाणूंमुळे होतो. कॉक्सॅकी, अ‍ॅडिनो, पार्वो हे त्यांतील परिचित. २०२० पासून कोविडनंतर काही आठवड्यांनी मुलांत उद्भवणाऱ्या बहुअवयवी दाहातही हृदय सापडते. घटसर्पाचे विष मात्र निराळे. घसा बरा दिसू लागतो तेव्हाच, पुष्कळदा दुसऱ्या आठवड्यात, ते हृदयावर परिणाम दाखवू लागते. लस चुकलेल्या मुलांच्या बाबतीत याचा विसर पडू नये.

निदान चुकते ते लक्षणे दुसऱ्याच अवयवाची वाटतात म्हणून. धाप लागली की दमा वा न्यूमोनिया, आणि ओकाऱ्या व पोटदुखी असली की पोटाचा विकार असे मानले जाते. वस्तुतः हृदयाची पंपशक्ती घटल्याने रक्त मागे साचून यकृत फुगते, त्यामुळेही पोट दुखते. अशा मुलास जुलाब नसताना भराभर सलाईन दिल्यास दुबळ्या हृदयावर अधिकच भार पडतो. सलाईननंतर धाप वाढली, तर हृदयाचा संशय अवश्य घ्यावा.

या संशयासाठी प्रथम लागते ते सेकंदकाटा असलेले घड्याळ. मूल शांत वा निजलेले असताना नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ताप एक अंश सेल्सियसने वाढला की नाडीचे सुमारे दहा ठोके वाढतात. शाळकरी मूल तापाविना स्वस्थ पडून असता नाडी १३०-१४० भरली, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. हातपाय गार असणे, यकृत हाताला लागणे, ठोके अनियमित असणे, यांपैकी काहीही जोडीला असल्यास विलंब न करता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

किशोरवयीनांत चित्र वेगळे दिसते. छातीत कळ येते, किंवा मैदानात धावताना मुलगा मूर्च्छित पडतो. न जेवता आल्यामुळे भोवळ आली, असे शिक्षकांनी ठरवून टाकू नये.

रुग्णालयात ई.सी.जी. प्रथम काढतात. क्ष-किरण चित्रात हृदय मोठे दिसेलच असे नाही. आजार नवा असता ते नेहमीच्याच आकाराचे असू शकते. रक्तातील ट्रोपोनिन वाढल्यास स्नायूस इजा झाल्याचे कळते, तर इकोने पंपशक्ती मोजता येते. चुंबकीय चित्रणाने सूज व व्रण दिसतात. त्याचे निकष २००९ मध्ये ठरले व २०१८ मध्ये सुधारले गेले. हृदयाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणे सर्वांत खात्रीचे मानले जाते, पण दाह ठिगळाठिगळाने असल्याने तोही कधी हुकतो, आणि लहान मुलांत त्यात धोका असतो.

निदान झाल्यावर साधारण तीन ते सहा महिने धावणे व स्पर्धा वर्ज्य असतात. मूल हसतेखेळते दिसत असले, तरी इको व चोवीस तासांचा ई.सी.जी. पुन्हा होऊन वैद्यांची लेखी अनुमती येईपर्यंत शाळेने त्यास कवायतीच्या तासाला बसवून ठेवावे.