अर्थिंगच्या खड्ड्यालाही पाणी घाला

सर्व्हर बंद पडला की आधी माणसाला झापायचं, ही आमच्या ऑफिसची रीत. त्या मे महिन्यात झापून घ्यायला मी होतो. दुपारी मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायची, कधी नेटवर्क कार्डच दिसेनासं व्हायचं. रात्री सगळं सुरळीत. देखभालीचा करार घेतलेल्या कंपनीचा इंजिनिअर नागपूरहून आला, लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय." बिघाड दुपारीच का होतो, हे विचारलं तर साहेबांसमोर हसून म्हणे, "तुम्ही काही सेटिंग बदललं असेल." बोर्ड बदलला, बिल आलं, बिघाड तसाच. मग पॉवर सप्लाय बदलला. पुन्हा बिल.

चंद्रपुरात तुकूमला घरामागे माझी थोडी बाडी आहे, जमीन काळी. इथे पारा ४५ च्या वर गेला की ही माती फाटते, भेगेत हात जातो. एका संध्याकाळी वांग्यांना पाणी देत होतो. आळ्यात ओतलेलं पाणी थांबतच नव्हतं, भेगेतून सरळ खाली. माती खोडापासून सुटून बाजूला झाली होती. तेव्हा चमकलं : ऑफिसमागचा अर्थिंगचा खड्डाही याच मातीत आहे. त्याला पाणी कोण घालतं?

कोणीच नाही. झाकणावर स्कूटर उभ्या. आत माती कोरडीठाक, पाइपाला टेकलेलीसुद्धा नाही. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगितलं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ११ व्होल्ट! हे दोन-तीनच्या आत हवं. दुपारी एसी, कूलर सगळे चालू असतात, न्यूट्रलवर भार वाढतो, म्हणून बिघाड दुपारचा. मीठ आणि बादल्यांनी पाणी घातलं. मुरल्यावर आकडा दोनच्या खाली आला आणि रीस्टार्ट थांबले. इंजिनिअर फोनवर काय म्हणाला? "नवा पॉवर सप्लाय आता सेट झाला."

म्हणून सांगतो. कोणताही पार्ट बदलायच्या आधी न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, आकडा सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्या, मगच सही करा. काढलेला पार्ट बघायला मागा. बिघाडाची वेळ वहीत टिपा. दुपार-रात्रीचा फरक कागदावर दिसला की कोणी हसत नाही. उन्हाळ्यात खड्ड्याला नेमाने पाणी द्या. गडचिरोलीकडच्या मुरमाड जमिनीत तर ते टिकतच नाही, तिथे खड्डा भरतानाच कोळसा-मीठ नीट भरलंय का बघा. (मीठ खड्ड्यात. वाफ्यात नव्हे.) यूपीएसच्या बॅटऱ्या थंड खोलीत ठेवा, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात. तो परत उघडतो का, हेही बघा.

बाडीचं म्हणाल तर धानाचं तणस अंथरा, पाणी ऊन उतरल्यावर द्या. मेमध्ये टमाटरचा फुलोरा गळतो, त्यासाठी जीव जाळू नका. गवार, चवळी लावा. माकडांवर मला उपाय सापडलेला नाही.

कराराच्या नूतनीकरणाचा कागद आलाय. त्यात मी एक अट घातली : प्रत्येक भेटीत अर्थिंगचं रीडिंग. कंपनी म्हणते, हे आमच्या कामात येत नाही.