ध्वनिमुद्रण आणि संगणकातील जागा : एक छोटा पाठ



मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. शेजारच्या मराठी, हिंदी आणि गोंडी या भाषांची कुळे वेगळी. कोरकूत छापलेले फार थोडे आहे. गाणी, गोष्टी, झाडपाल्याची माहिती हे सारे वडीलधाऱ्यांच्या मुखी आहे. म्हणून आम्ही गावी जाऊन त्यांचे आवाज मुद्रित करतो. या कामात माइकइतकीच काळजी संगणकातील जागेची घ्यावी लागते. एखादी वृद्ध आजी गात असताना डिस्क भरून मुद्रण थांबले, तर तेच गाणे पुन्हा मिळेलच असे नाही. आपल्या मंडळीतही ज्येष्ठांच्या साक्षी व आठवणी मुद्रित होतात, म्हणून हा पाठ सर्वांसाठी.

१. निघण्यापूर्वी हिशेब करा. सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ मुद्रण साध्या वेव्ह फाइलमध्ये मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे तासाला ६३५ एमबी जागा घेते. एकच व्यक्ती एका माइकवर बोलत असेल तर मोनो पुरते आणि जागा निम्मी लागते. बोलणारा मध्ये गप्प बसला तरी जागा तेवढीच जाते. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम मूळ सेटिंगप्रमाणे ३२ बिटमध्ये साठवतो, त्यामुळे त्यात मोनोलाही तासाला ६३५ एमबी धरावेत. आमच्या लहान लॅपटॉपवर १२ जीबी जागा मोकळी असते. त्यातली ४ जीबी संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी आम्ही सोडतो. उरलेल्या ८ जीबीत सुमारे १२ तास बसतात.

२. जागा कुठे अडकते ते पाहा. मुद्रणातला नको असलेला भाग कापला तरी तो परत आणता यावा म्हणून प्रोग्राम सांभाळून ठेवतो. त्यामुळे काम चालू असेपर्यंत जागा मोकळी होत नाही. प्रोजेक्ट जतन करून बंद करावा. तसेच, खोडलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. ते रिकामे केल्यावरच जागा मिळते.

३. मूळ प्रत आणि वाटपाची प्रत वेगळी ठेवा. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ तासाला केवळ २९ एमबी घेते. मोबाइलवर पाठवायला ती उत्तम. परंतु ती बनवताना आवाजातील काही भाग कायमचा टाकला जातो. उद्या कोणी कोरकू उच्चारांचा अभ्यास करू लागला तर त्याला मूळ प्रतच लागेल. मूळ प्रत फ्लॅक स्वरूपात ठेवली तर आवाजातले काहीही न गमावता जागा बरीच वाचते, अनेकदा जवळजवळ निम्मी.

४. खोडण्यापूर्वी ऐका. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर करा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा. प्रत्येक प्रत उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका. त्यानंतरच लॅपटॉपवरील फाइल खोडा. फाइलच्या नावात दिनांक, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि विषय असू द्या. 'नवीन १', 'नवीन २' अशी नावे दिली तर घाईच्या दिवशी नेमकी नको ती फाइल जाते.

शेवटी, काय वाटायचे आणि काय नाही, हे बोलणाऱ्यालाच विचारा. काही गाणी घराबाहेर जाऊ नयेत अशी त्यांची इच्छा असू शकते. ती आपण पाळावी. त्यांच्या मुद्रणाची एक प्रत मेमरी कार्डवर त्यांना अवश्य द्या. आवाज त्यांचा आहे. शिवाय त्यांच्या घरातली ती प्रत ही आपली तिसरी सुरक्षित प्रत ठरते.