अपघात, दारू आणि दोषाची वाटणी



या अंकात खोडव्यातील पाचटावर लिहायचे आम्ही कबूल केले होते. पण गेल्या गळीत हंगामात आपल्या एका गटात जो मोटार-अपघात घडला, त्याची चर्चा अजून बांधाबांधावर चालू आहे. प्लॉट पाहायला गेलो की लोक आम्हालाच विचारतात, "साहेब, चूक कुणाची?" तेव्हा पाचट बाजूला ठेवून हाच विषय घेतो. नावे लिहीत नाही.

हकिकत थोडक्यात अशी. ऊसबिलाची पहिली उचल जमा झाली त्या रात्री चौघे ढाब्यावर गेले. गाडी एकाची, पैसे दुसऱ्याचे, चालवायला तिसरा. गाडीवाला, पैसेवाला आणि चालवणारा तिघेही प्यालेले. चौथा नुसता जेवायला गेलेला पोरगा, त्याला गाडी चालवता येत नव्हती. परत येताना उसाची बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे रिफ्लेक्टर नाही. गाडी मागून घुसली. तो पोरगा जागीच गेला.

आता चालवणाऱ्याची भावकी म्हणते, ट्रॉली नसती तर काही झाले नसते. ट्रॉलीवाला म्हणतो, शुद्धीत असता तर एवढी मोठी ट्रॉली दिसली नसती का? पैसेवाला म्हणतो, मी काय घशात ओतली? मालक म्हणतो, किल्ली मागितली, दिली. कोणी तर मेलेल्यालाच दोष देतात, की बसला कशाला? तो उत्तर द्यायला येत नाही, म्हणून हे सोपे जाते.

उसाचे टनेज घटले की आपण असेच करतो. थोडा दोष बेण्याला, थोडा पाण्याला, थोडा तोड उशिरा देणाऱ्या शेतकी खात्याला. वाटता वाटता कुणाच्याच पदरात काही पडत नाही. पण दोष ही काही भाऊहिश्श्याची जमीन नव्हे, की एकाला जास्त गेला म्हणून दुसऱ्याचा कमी व्हावा.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणे हाच गुन्हा आहे. अपघात व्हावाच लागतो असे नाही. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हयगयीने माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद. आणि कलम १८८ फार थोड्यांना ठाऊक आहे. दारू पिऊन चालवण्याच्या गुन्ह्याला जो जाणूनबुजून साथ देतो, त्यालाही तीच शिक्षा आहे. तेव्हा "किल्ली मागितली, दिली" एवढ्यावर मालकाला सुटता येईल असे समजू नये.

भरपाईचा हिशेब निराळा. दोन वाहनांच्या चुकीने तिसरा, ज्याची स्वतःची चूक नाही असा माणूस मेला, तर त्याचे वारस पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. त्या दोघांनी आपसात काय ते बघावे. विमा कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असेही आदेश होतात. तेव्हा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

चालवणारा सांगतो की निघण्यापूर्वी ताक प्यालो, तोंडावर पाणी मारले. त्याने तरतरी वाटते, पण रक्तातली दारू उतरत नाही. यकृत ती आपल्या गतीने, तासातासाने, कमी करते. ताकाने, लिंबाने ती गती वाढत नाही. माणसाला मात्र वाटते की आता आपण ठीक आहोत, आणि तेच जास्त घातक.

दहाव्याला एक म्हातारबुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, दारू तुमच्या मळीचीच की!" हा टोमणा झिडकारण्यासारखा नाही. आसवनीचे उत्पन्न आपल्या सर्वांच्याच घरी येते. पण त्या रात्री किल्ली मळीने फिरवली नाही. शुद्धीत असताना, पहिल्या घोटाआधी, "येताना कोण चालवणार?" हा प्रश्न विचारता येत होता. चालवणाऱ्याचा दोष आम्ही तिथून मोजतो, धडक बसली तिथून नाही.

आणि आमचा? ती ट्रॉली त्याच दुपारी फडात आम्ही पाहिली होती. रिफ्लेक्टर निघाला आहे हे चिटबॉयने दाखवले होते. कारखान्यावर उसाची ओढ होती. आम्ही "उद्या लावून घे" म्हणालो आणि वाहन सोडले. पोलिसांच्या जबाबात आम्ही हे सांगितले आहे. पोराच्या वडिलांनाही घरी जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा मात्र विचारला नाही.

रिफ्लेक्टर आता प्रत्येक गट ऑफिसात ठेवले आहेत. ज्या ट्रॉलीला ते नसतील, तिला फडातच थांबवावे असे चिटबॉयना सांगितले आहे, मग ऊस वाळला तरी चालेल. वाळल्याबद्दल तक्रार असल्यास ती आमच्या नावाने करावी.

पाचटाचा लेख पुढील अंकी.